रेंज नसलेलं घर

त्या शनिवारी लागून सुट्ट्या आल्या होत्या आणि लोणावळ्यातलं आमचं हॉटेल गच्च भरलं होतं. मी रिसेप्शनवर होते. एका कानाला मोबाईल, समोर लँडलाइन वाजतेय, पलीकडे हाउसकीपिंगचा वॉकीटॉकी खरखरतोय. मुंबईचे एक गृहस्थ दरीकडची खोली मागत होते आणि मी त्यांना नेहमीच्या गोड आवाजात सांगत होते की दरीकडच्या संपल्या, बागेकडची देते. बोलता बोलता माझा उजवा गाल तापला. कुणी गरम इस्त्री जवळ आणावी तसा. मग कानात बारीक शिट्टी सुरू झाली आणि छातीत असं धडधडायला लागलं की वाक्य अर्धवट सोडून मी मोबाईल टेबलावर ठेवून दिला. त्या गृहस्थांचं "हॅलो, हॅलो" टेबलावरून येत राहिलं. मी नुसती बघत होते. फोन उचलायची हिंमत होईना.

मॅनेजरने लिंबूपाणी आणून दिलं, मागच्या खोलीत जरा पडायला सांगितलं. बीपी असेल, दोघांनाही वाटलं. थोड्या वेळाने मी परत काउंटरवर आले, फोन कानाला लावला, आणि पुन्हा तेच.

पुढचे काही महिने दवाखान्यांत गेले. कान तपासले, हृदयाची पट्टी काढली, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं झालं. सगळं नॉर्मल. हा शब्द ऐकून आधी हायसं वाटायचं, नंतर नंतर राग यायला लागला, कारण त्रास वाढतच होता. नुसता फोन जवळ असला तरी हाताला मुंग्या यायच्या. आमच्या भाड्याच्या घरात राउटर पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर होता. त्याच्याखाली पडले की कपाळावर कुणी तळहात दाबून धरल्यासारखं व्हायचं. झोप उडाली ती उडालीच.

एक दिवस कंटाळून मी माझी सगळी लक्षणं मोबाईलवर टाइप केली. इलेक्ट्रोसेन्सिटिव्हिटी हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा भेटला. मोबाईलच्या, वायफायच्या लहरी सोसत नाहीत असं सांगणारी माणसं जगभर आहेत, कुणी शहर सोडलंय, कुणी नोकरी. मी फोन लांब, पार गुडघ्यांवर ठेवून, गाल भाजत असताना ते वाचत बसले. वाचून रडू आलं. भीतीने नाही. आपल्याला काहीतरी झालंय आणि त्याला नाव आहे, याचं बरं वाटून.

मग मी एकेक गोष्ट सुरू केली. फोन कानाला लावायचा नाही, स्पीकरवर किंवा वायरचा हेडफोन घालून बोलायचं. बोलण्यापेक्षा मेसेज करायचा. उशीपाशी ठेवायचा नाही, झोपताना फ्लाइट मोडवर टाकायचा. संध्याकाळनंतर राउटर बंद. नवऱ्याने काही न बोलता हे सगळं पाळलं. तो परंदवडीजवळच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, मुळातच कमी बोलतो. एवढं साधं असतं तर चाललं असतं. पण मी पुढे फोनच्या पाठीला लावायचं, लहरी शोषून घेणारं म्हणून विकतात ते स्टिकर मागवलं. त्याने काही झालं नाही. मग चांदीची तार विणलेली मच्छरदाणी मागवली. तिच्यात माझा जीव घुसमटला.

हॉटेलच्या मालकांनी समजून घेतलं आणि मला लिननच्या खोलीत, चादरी-टॉवेलच्या कामाला बसवलं. तिथे हाउसकीपिंगची पोरं खिशात फोन घेऊन यायची. मी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवायला लागले. एकाने आत पाऊल टाकलं म्हणून मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या जिन्यावरून पाहुणे डोकावले. त्या दिवशी नोकरी मीच सोडली.

"गावी जाऊन राहू," नवरा म्हणाला. "तिथं रेंजच नाही."

गाव म्हणजे बेडसे. लेणी असलेल्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या बौद्ध वस्तीत आमचं दोन खणांचं घर आहे. तिथे सासूबाई एकट्याच राहत. मी त्यांना आत्या म्हणते. आमची मुलगी तेव्हा बारावीला होती, विज्ञान शाखेला. तिने जायला विरोध केला नाही, फक्त विचारलं, "माझे ऑनलाइन क्लास?" मी म्हटलं, बघू.

गेल्यावर पहिले काही आठवडे मी खरंच झोपले. दुपारीसुद्धा झोपले. कानातली शिट्टी बारीक होत होत गेली. मी नवऱ्याला म्हणाले, बघा, मी सांगत होते ना. ओसरीच्या फळीवर मी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. येईल त्याने फोन बंद करून त्यात टाकायचा, मग आत यायचं. आत्यांना हे पटलं नाही.

"पावन्याला दारातच आडवायचं, ह्ये काय बरं दिसतं व्हय?"

"आत्या, मला त्रास होतो."

"तुला तरास व्हतो ह्ये मला दिसतंय की. पन लोकं काय म्हन्त्यात त्ये तुला न्हाई ऐकू येत."

लोक म्हणत होते की लोणावळ्याच्या हॉटेलात राहून सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला. मला ऐकू येत होतं. मी ऐकून घेत होते.

मुलगी क्लाससाठी रस्त्यावर जायची. लेण्यांच्या पायऱ्या जिथून सुरू होतात त्याच्या अलीकडच्या वळणावर थोडी रेंज येते. तिथे दगडावर बसून, मांडीवर वही, हातात फोन, अशी ती शिकायची. भात कापणीनंतर दिवस लहान झाले. अंधार पडायला लागला की आत्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "पोरगी वाटंवर बसून शिकतीया," एवढंच म्हणायच्या, कुणाकडेही न बघता.

आणि माझी झोप पुन्हा मोडली. घरात रेंज नव्हती, राउटर नव्हता, तरी मोडली. मी कारणं शोधायला लागले. शेजारी कुणाचा फोन चालू आहे, रस्त्यावर कुणाची गाडी थांबली आहे. एका संध्याकाळी जेवताना माझा गाल तापला. मी घास खाली ठेवला.

"कुणाचा फोन चालू आहे?"

नवऱ्याचा फोन डब्यात होता. मी उठले आणि मुलीचं दप्तर उपसलं. पुस्तकं, जेवणाचा डबा, ओढणी, सगळं जमिनीवर. तळाशी फोन सापडला. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि काळी पडलेली स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"बंद आहे. दुपारपासून चार्जिंग नाही त्याला. आता?"

"मग आसपास कुणाचा तरी असेल."

"असणारच ना मम्मी. कुणाचा ना कुणाचा असतोच." ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि तुला माहितीये का, जिथं रेंज कमी असते तिथं फोन जास्त जोर लावतो. टॉवर जवळ असला तर फोनला कमी ताकद लागते. तू मला रेंज नसलेल्या जागी आणून बसवलंस आणि मी तिथं तो फोन हातात धरून रोज बसते. माझं कुणी काही विचारलं?"

तिने ताट तसंच सोडलं. मी तिची पुस्तकं गोळा करायला वाकले तर ती म्हणाली, "राहू दे. मी भरते."

त्याच सुमारास टॉवरची बातमी आली. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या रानात, शाळेच्या मागच्या अंगाला, मोबाईलचा टॉवर होणार होता. जागा मोजून झाली होती. ग्रामसभेत विषय यायचा होता. मी ते ऐकलं. आता याच्यापुढे कुठे जायचं?

दुसऱ्याच रविवारी आमच्या दारात एक गाडी थांबली. डोंगराच्या कुशीत बंगला बांधलेले पुण्याचे एक साहेब होते, सुट्टीला यायचे. माझ्याबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी फोन न सांगता डब्यात टाकला, ओसरीवर बसले, आत्यांच्या हातचा चहा घेतला. टॉवरविरुद्ध निवेदन तयार करतोय म्हणाले.

"आम्ही बोललो तर लोक म्हणतील, बंगलेवाल्यांना दृश्य खराब होतं म्हणून ओरडतात. तुम्ही या गावच्या. तुमचं शरीरच पुरावा आहे. ग्रामसभेत उभं राहून एवढंच सांगा, की या लहरींनी तुम्ही आजारी पडलात आणि शाळेतली मुलंही पडतील."

इतक्या महिन्यांत माझ्यावर असा शंभर टक्के विश्वास ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. मी हो म्हटलं.

गाडी गेल्यावर आत्या भांडी घासायच्या दगडाशी बसल्या. "वरच्या आळीचा टावर, आन आडवं येनार आपुन. त्ये म्हन्तील, ह्यांच्या पोटात दुखतंय. साहेब जातील त्यांच्या गाडीतनं. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

"आजारी मी आहे आत्या."

"व्हय बाई. तू हायेस."

ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात मी लेण्यांत गेले. मला बरं नसलं की मी तिथे जायची. पायऱ्या चढताना दम लागायचा, पण वर चैत्यगृहात, खांबांच्या रांगेआड, दगडाच्या गारव्यात बसलं की डोकं हलकं व्हायचं. लहान असताना आईने शिकवलं होतं तसं श्वासाकडे लक्ष देत मी डोळे मिटून बसायची. तिथे काही पोचत नाही अशी माझी खात्री होती. त्या दिवशीही बसले. गाल थंड, छाती शांत. किती वेळ गेला कळलं नाही.

आणि माझ्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर, गाणं वाजलं.

मी दचकून वळले. खांबाच्या पलीकडे कॉलेजातला एक मुलगा पाठ टेकून झोपला होता. त्याच्या खिशातला मोबाईल गजराने वाजत होता. तो गडबडून उठला, "सॉरी मावशी," म्हणाला, गजर बंद केला. मी विचारलं, "तू कधीपासून आहेस इथं?"

"तुमच्या आधीपासून. तुम्ही आलात तेव्हा मी पडलेलोच होतो."

"आणि हा चालू होता?"

"हो, चालूच असतो."

त्याने खिशातून फोन काढून दाखवला, आणि माझा गाल तापायला लागला. बघता बघता तापला. छाती धडधडायला लागली. मी तिथून उठले आणि पायऱ्या उतरायला लागले. अर्ध्या वाटेवर मला बसावं लागलं. धडधडीमुळे नाही. जे मनात आलं होतं त्यामुळे.

घरी आले आणि नवऱ्याची सुट्टी होती त्या दुपारी दोघांना बसवलं. मुलगी माझ्याशी तुटक बोलत होती, तरी बसली. मी म्हटलं, "मला तपासा. फोन चालू आहे की बंद, मला न कळता माझ्याजवळ ठेवा. मी ओळखते का ते बघा. ग्रामसभेत बोलायच्या आधी मला कळायला हवं."

नवरा म्हणाला, "कशाला? कुणी सांगितलंय का तुला?"

"कुणी नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "करायचं तर नीट करायचं," ती म्हणाली. "नुसता चालू नाही, कॉलवर हवा. आणि पप्पांनाही कळता कामा नये. त्यांच्या तोंडावर दिसेल."

तिने सगळं ठरवलं. आतल्या खोलीत ती आणि आत्या. नाणं उडवायचं. छापा आला तर तळेगावच्या मामाला फोन लावून, आवाज बंद करून, कॉल चालू ठेवायचा. मामाला नुसता फोन उचलून ठेवायला सांगून ठेवलं होतं. काटा आला तर फ्लाइट मोड. क्लास चालेल एवढी रेंज घरात नव्हती, पण नुसता कॉल टिकेल का, ते आधी करून बघितलं. आतल्या खिडकीपाशी आणि ओसरीवर माझ्या खुर्चीपाशी जेमतेम टिकत होता. कॉल चालू राहिला की फोन गरम होतो, ते नवऱ्याच्या हाताला कळू नये म्हणून जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून तो कापडी पिशवीत. नवऱ्याने पिशवी आणून माझ्या उजव्या खांद्याशी ठेवायची. मी सांगायचं, चालू की बंद. त्याने ते आत ओरडून सांगायचं. आत्यांनी दोन वाट्या मांडल्या. बरोबर निघालं तर एका वाटीत चिंचोका, चुकलं तर दुसऱ्या वाटीत. मला मधे काही सांगायचं नाही.

मी ओसरीवर डोळे मिटून बसले. पहिल्यांदा पिशवी आली तेव्हा तळहाताला घाम होता. काही कळेना. मग गालावर किंचित ऊब आली. "चालू," मी म्हटलं. आतून चिंचोका वाटीत पडल्याचा आवाज आला. कुठल्या वाटीत, ते आवाजावरून कळत नव्हतं.

असं चालू राहिलं. मधे मधे मी थांबायची, पाणी प्यायची. एकदा पिशवी ठेवल्याबरोबर असा त्रास झाला की डोळ्यांसमोर अंधारी आली. गाल, मान, खांदा, सगळं पेटल्यासारखं झालं. "चालू आहे, काढा, काढा!" मी ओरडले. नवऱ्याने पिशवी उचलली आणि अंगणात पळाला. आत चिंचोका पडला. त्याच्यानंतरची पिशवी आली तेव्हा मी इतकी थकले होते की डोळा लागला. जागी झाले तर पिशवी तशीच शेजारी होती. काही होत नव्हतं. "बंद," मी म्हटलं. आत बराच वेळ शांतता होती, मग चिंचोका पडला.

ऊन अंगणाच्या कडेला गेलं तेव्हा आत्या आतून म्हणाल्या, "बास झालं आता. तिचा जीव घ्याल."

मुलगी बाहेर आली. दारातच उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"तुझं बरोबर निघालं मम्मी," ती म्हणाली. "जवळजवळ सगळं."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जिने मला काळी स्क्रीन दाखवली होती, तीच ही मुलगी. आज तिला जिंकता आलं असतं. नवऱ्याने सुस्कारा सोडला आणि खाली बसला. मी उठले आणि तिच्या बाजूने आत गेले.

आत्या वाट्या पदराआड घेऊन बसल्या होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग वाट्या जमिनीवर ठेवल्या. दोन्हींत चिंचोके होते. चुकलेल्या वाटीत जरा जास्तच.

"तो मोठा त्रास झाला तेव्हा?" मी विचारलं.

मुलगी रडायला लागली. "बंद होता."

"आणि मला झोप लागली तेव्हा?"

आत्या म्हणाल्या, "चालू व्हता. मामा तिकडनं हालो हालो करीत आसंल, आमाला ऐकाय येईना एवढंच."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं होतं की असं निघालं तर निदान गाल तापायचा थांबेल. तो तेव्हाही तापलेला होता. मी मुलीचा हात ओढून त्यावर ठेवला. "बघ, गरम लागतोय ना?" तिने मान हलवली. "लागतोय मम्मी. खरंच लागतोय."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. बंगल्याचे साहेब पहिल्या रांगेत, हातात निवेदन. वरच्या आळीचा शेतकरी मागे उभा, हाताची घडी घातलेली. मी आत्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते आणि आसपास इतके फोन होते की मी मोजायचं सोडून दिलं. मान आखडली होती. साहेबांनी सुरुवातीला भाषण केलं आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "आता या ताई सांगतील."

मी उठायच्या आधी वरच्या आळीची एक बाई उठली. डोक्यावरचा पदर दातात धरला होता तो तिने सोडला. "आधी माजं ऐका. गेल्या सुगीत आमच्या मालकाला रानात साप चावला. गाडी बोलवायला रेंज न्हाई. पोरगं फोन घिऊन सडकंपातूर पळालं. मानूस वाचला, पन उजव्या हाताची बोटं अजून मिटत न्हाईत. त्यानं आता इळा कसा धरायचा? आन तुमी म्हन्ता टावर नको." ती माझ्याकडे वळली. "तुला काय व्हतंय त्ये सांग. मला ऐकायचंय."

मी उभी राहिले. साहेब मान हलवून मला धीर देत होते.

"मला त्रास होतो," मी म्हणाले. "फोन जवळ आला की गाल भाजतो, छातीत धडधडतं, झोप येत नाही. हे खोटं नाही. यापायी नोकरी सोडली मी." मी पदर सारखा केला. "पण तो फोनच्या लहरींनीच होतो, असं मला सांगता येणार नाही. आम्ही घरी तपासून पाहिलं. मला ओळखता आलं नाही. फोन बंद होता तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. टॉवरने तुमची मुलं आजारी पडतील असं मी म्हणणार नाही. मला टॉवरची भीती वाटते. ती माझी भीती आहे. जागा घरांपासून आणि शाळेपासून जरा लांब घेता आली तर मला बरं वाटेल. नाही आली तर माझी तक्रार नाही."

साहेब उभे राहिले. "अहो, तुम्ही कबूल केलं होतं!" मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "म्हंजी डोक्यातच हाय." तेवढ्यात नवरा, जो चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, मागून म्हणाला, "हसायचं काय त्यात? खरं बोलायला छाती लागते." साहेबांनी निवेदन घडी करून खिशात घातलं. आमच्या दारात ते परत कधी आले नाहीत.

टॉवर ठरलेल्या जागीच झाला, कारण तिथपर्यंत गाडी जाते. साप चावलेल्याची बायको त्या दिवशी जाताना आमच्याजवळ थांबली होती. आत्यांच्या हातावर हात ठेवून गेली. टॉवर उभा राहिला तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं की तो कधी सुरू होईल ते मला कळू देऊ नका. त्याने पाळलं. रोज सकाळी उठले की मी आधी अंग चाचपून बघायची. त्या दिवसांत दोनदा मला अतिशय त्रास झाला, आणि एक सबंध आठवडा काहीच झाला नाही. मग एका दुपारी मुलगी ओसरीवर बसून क्लास ऐकताना दिसली, मांडीवर वही घेऊन. तिच्या लक्षात आलं मी बघतेय. ती उठायला लागली. मी म्हटलं, "बस." कधीपासून रेंज आहे, ते मी विचारलं नाही.

तळेगावला एक डॉक्टरीणबाई मिळाल्या. मी त्यांना चिंचोक्यांचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा त्रास खरा आहे. कारण मोबाईलच्या लहरी आहेत, असं आजवरच्या तपासण्यांत दिसलेलं नाही. पण शरीर एखाद्या गोष्टीची इतकी वाट बघायला लागतं की ती यायच्या आधीच धोक्याची घंटा वाजते. ती घंटा हळू करता येते. वेळ लागेल." फोन झोपण्याच्या खोलीत नको, कानाला कमी, हे चालू ठेवा म्हणाल्या, झोपेला बरंच आहे. पण पत्र्याचा डबा काढा. माणसांना दारात अडवू नका.

डबा काढायला मला खूप दिवस लागले. आधी तो ओसरीवरून आत नेला, मग माळ्यावर टाकला. अजून वाईट दिवस येतात. बसमध्ये शेजारी कुणी फोनवर मोठ्याने बोलायला लागलं की माझी मान आखडते, आणि मी डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास मोजत खिडकीबाहेर बघते. कधी जमतं, कधी मधल्याच थांब्यावर उतरते. लोणावळ्याच्या हॉटेलात मी परत लागले, सकाळचं काम, लिननच्या खोलीत. मुलं खिशात फोन घेऊन आत येतात, मी त्यांना टॉवेल मोजून देते.

मुलगी आता पुण्याला हॉस्टेलवर असते. जाताना आजीला तिने बटणांचा साधा फोन घेऊन दिला. आत्यांचा त्यावर विश्वास नाही. पलीकडच्याला ऐकू जात नसेल असं वाटून त्या बेंबीच्या देठापासून ओरडतात. नातीचा फोन वाजला की आधी माझ्याकडे बघतात, मग चपला घालून गोठ्यापलीकडे जातात. मी कितीदा सांगितलं, आत्या, इथंच बोला, मला चालतं.

"तुला चालतं गं," त्या म्हणतात. "पन मला तिच्याशी तुज्याबद्दल बोलायचं आसतं."